स्थळ बघताना शेजाऱ्यांना विचारा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कोणी लोकलमध्ये असेल, कोणी एसटीत, कोणी मेसच्या रांगेत. हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना जरा रुक्ष वाटेल. विषय आहे: आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी यजमान संस्था कशी निवडायची. आणि परिषद कुठल्या विषयावरची? तर विद्यापीठांनी समाजाबरोबर काम कसं करावं, या विषयावरची. इंग्रजीत ज्याला कम्युनिटी एंगेजमेंट म्हणतात. आपण त्याला समाज-सहभाग म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही थोडेच परिषदा भरवतो? पण गळ्यात बॅज अडकवून रजिस्ट्रेशनच्या टेबलावर कोण बसतं? स्टेशनवर नावाची पाटी धरून पाहुण्यांची वाट कोण बघतं? तुम्हीच. आणि तुमच्यातले काही जण दोन-चार वर्षांत स्वतःचा पेपर घेऊन अशा परिषदांना जाणार आहेत. तेव्हा ती परिषद कुठे भरते, यावर तुम्ही तिथे पोहोचणार की नाही हे ठरणार आहे.

आधी एक खेळ खेळू. समजा, अशी एक जागतिक परिषद आहे, दोन वर्षांनी एकदा भरणारी. साडेतीनशे माणसं येणार. निवड समितीत तुम्ही आहात आणि टेबलावर तीन अर्ज आहेत. तिन्ही अर्ज मी बनवलेले आहेत, त्यात कोणाची नावं शोधत बसू नका.

पहिला अर्ज, महानगरातल्या मोठ्या विद्यापीठाचा. विमानतळ अर्ध्या तासावर. आठशे खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह. चकाचक फोटो. समाज-सहभागाबद्दल अर्धं पान, आणि त्यात मुख्य वाक्य असं: आम्ही पाच गावं दत्तक घेतली आहेत.

दुसरा अर्ज, लहान शहरातल्या कॉलेजचा. विमानतळापासून चार तास. बरी हॉटेलं दोनच, बाकी पाहुण्यांची सोय वसतिगृहात. पण हे कॉलेज दहा वर्षं तिथल्या बचत गटांबरोबर पाण्याच्या प्रश्नावर काम करतंय. अर्जाला बचत गटांचं पत्र जोडलंय आणि त्या पत्रात एक अट आहे: परिषद एप्रिल-मेमध्ये नको, तेव्हा आम्ही पाण्याच्या रांगेत असतो.

तिसरा अर्ज विद्यापीठाचा नाहीच. एका सामाजिक संस्थेचा आहे. स्वतःचं सभागृह नाही, माणसं जेमतेम बारा. हॉल भाड्याने घेऊ म्हणतात.

सांगा, कोणाला द्याल?

नेहमीच्या हिशोबाने पहिला अर्ज डोळे झाकून निवडला जातो. हिशोब चुकीचा आहे असंही नाही. विमानतळ लागतो, खोल्या लागतात, प्रोजेक्टर चालावा लागतो, कोणी आजारी पडलं तर दवाखाना जवळ हवा. पण हा हिशोब हृदयरोगाच्या परिषदेलाही लागू पडतो आणि सिमेंटच्या परिषदेलाही. समाज-सहभागाच्या परिषदेला वेगळं काही लागतं का? मला वाटतं, लागतं. आजचा सगळा भाग त्याच एका गोष्टीबद्दल आहे.

आपल्याकडे लग्नासाठी स्थळ आलं की घरचे काय करतात? मुलाचा फोटो बघतात, पगार विचारतात, सगळं करतात. पण खरी चौकशी कुठे होते? शेजारीपाजारी. वाण्याकडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. कारण फोटो स्टुडिओत काढता येतो, शेजारी मात्र वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत असतो. परिषदेच्या जागेलाही मराठीत आपण स्थळच म्हणतो. माझं म्हणणं इतकंच आहे की हेही स्थळ तसंच बघा. अर्ज वाचा, फोटो बघा, आणि मग शेजाऱ्यांना विचारा.

दत्तक कोणी कोणाला घेतलं?

पहिल्या अर्जातलं ते वाक्य पुन्हा आठवा. आम्ही पाच गावं दत्तक घेतली आहेत. हा शब्द आपल्याला इतका सवयीचा झालाय की खटकतच नाही. एनएसएस करणाऱ्यांना तर रोजचाच. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. पुढे २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आलं, त्यात कॉलेजांनी साधारण पाच-पाच गावांचा गट निवडून काम करायचं असतं. दोन्ही योजनांतून चांगली कामं झालीत, आणि कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा गाव पाहिलं ते एनएसएसच्या शिबिरात, हे खरंच आहे.

पण दत्तक कोणाला घेतात? ज्याला आईबाप नाहीत त्याला. गावाला ग्रामसभा आहे, सरपंच आहे, शेकडो वर्षांचं शहाणपण आहे. गाव काही पोरकं नाही. कॉलेजने गाव दत्तक घेतलं हे गावाला कधी कळलं, कोणी विचारलं होतं का, हे प्रश्न अर्जात सापडत नाहीत.

समाज-सहभाग म्हणजे नुसती सेवा नाही. प्रश्न लोकांनी मांडायचा, अभ्यास दोघांनी मिळून करायचा, आणि उत्तर आधी लोकांच्या हातात पडायचं, नंतर जर्नलमध्ये. निदान या क्षेत्रातले लोक स्वतःच तसं सांगतात. मग त्यांच्या परिषदेचा यजमान या कसोटीवर का तपासू नये? नाहीतर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत.

तळ्याकाठचा मठ

आता खऱ्या उदाहरणांकडे येऊ. फ्रान्समध्ये आनसी नावाचं सुंदर तळं आहे, आल्प्सच्या पायथ्याशी. त्याच्या काठावर तालवार नावाचं गाव. तिथे एक जुना मठ आहे, अकराव्या शतकात सुरू झालेला. आज तो अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाकडे आहे. सप्टेंबर २००५ मध्ये तिथे २३ देशांतल्या २९ विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा केला: विद्यापीठांनी आपल्या भिंतींच्या बाहेर पडलं पाहिजे, समाजाशी नातं जोडलं पाहिजे. त्यातून तालवार नेटवर्क नावाची जागतिक संघटना उभी राहिली. काम मोठं होतं आणि आजही चालू आहे.

पण चित्र डोळ्यासमोर आणा. भिंतींबाहेर पडायचं हे ठरलं कुठे? तळ्याकाठच्या मठात. सह्या कोणाच्या? विद्यापीठप्रमुखांच्या. सुरुवात तिथून झाली याला हरकत नाही, कुठून तरी होणारच. पुढे काय झालं ते महत्त्वाचं. या नेटवर्कच्या मोठ्या परिषदा नंतर २०११ मध्ये माद्रिदला, २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउन भागात आणि २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ राज्यात झाल्या. म्हणजे परिषद युरोपातून निघाली आणि आफ्रिका, लॅटिन अमेरिकेपर्यंत आली. यजमान बदलला की चर्चेचे विषयही सरकतात. दक्षिण आफ्रिकेत बसून विद्यापीठ आणि समाज यावर बोलायचं आणि वर्णभेद टाळायचा, हे जमणारच नाही.

कागदाच्या गिरणीचं गाव

पण माझं आवडतं उदाहरण कॅनडातलं आहे. तिथे कम्युनिटी-युनिव्हर्सिटी एक्स्पो, थोडक्यात सीयू-एक्स्पो नावाची परिषद भरते. तिची मुळं एका सरकारी अनुदानात आहेत. १९९९ मध्ये कॅनडाच्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेने एक योजना काढली. अट अशी की पैसे हवे असतील तर विद्यापीठ आणि समाजातली संघटना यांनी जोडीने अर्ज करायचा. एकट्याला प्रवेश नाही. या जोड्या पुढे एकमेकांना भेटायला लागल्या आणि २००३ मध्ये सास्काटूनला पहिला एक्स्पो झाला. मग २००५ ला विनिपेग, २००८ ला व्हिक्टोरिया, २०११ ला वॉटर्लू. आणि २०१३ ला? कॉर्नर ब्रूक.

नाव ऐकलंय? नसणारच. नकाशावर कॅनडाच्या पूर्वेला, अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड नावाचं बेट दिसेल. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर वीसेक हजार वस्तीचं हे शहर. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं म्हणा. विमानतळ दुसऱ्या गावात, डीअर लेकला, साधारण पन्नास किलोमीटरवर. शहर वाढलं ते कागदाच्या गिरणीभोवती, आणि ती गिरणी १९२५ पासूनची. तिथे मेमोरियल युनिव्हर्सिटीचा ग्रेनफेल कॅम्पस आहे, १९७५ मध्ये सुरू झालेला. त्या कॅम्पसने जून २०१३ मध्ये सीयू-एक्स्पोचं यजमानपद केलं.

नेहमीच्या हिशोबात हे शहर कुठे बसतं? कुठेच नाही. टोरंटो सोडून तिथे कोण जाईल? पण या विद्यापीठाचा शेजार बघा. विद्यापीठाचं नावच मेमोरियल, स्मारक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या तिथल्या माणसांच्या स्मरणार्थ १९२५ मध्ये सुरू झालेलं कॉलेज ते. म्हणजे हे विद्यापीठ लोकांच्या दुःखातून उभं राहिलं. मग १९९२ मध्ये त्या प्रांतावर आभाळ कोसळलं. कॉड मासा जवळजवळ संपला आणि सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. साधारण तीस हजार माणसांचं काम एका फटक्यात गेलं. पाचशे वर्षं ज्या माशावर वस्त्या जगल्या, तोच गेला. आपल्या कोकणातल्या कुणालाही विचारा, मासा गेला म्हणजे काय जातं ते.

अशा प्रांतात विद्यापीठाला पुस्तकात तोंड खुपसून बसणं परवडणारं नव्हतं. या विद्यापीठाने २००४ मध्ये हॅरिस सेंटर नावाचं केंद्र काढलं, प्रांतातल्या गावांचे प्रश्न आणि विद्यापीठातले अभ्यासक यांची गाठ घालून देणारं. पुढे त्यांनी एक वेबसाइट काढली. गावातल्या कोणीही त्यावर आपला प्रश्न टाकायचा आणि विद्यापीठातल्या कोणीतरी तो उचलायचा. तिचं नाव ठेवलं याफल. हा न्यूफाउंडलंडच्या बोलीतला शब्द. अर्थ काय, तर दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढं. कवेत मावतील एवढे सुके मासे, किंवा एवढी लाकडं. तंत्रज्ञानाला नाव देताना त्यांनी शब्द कोळ्यांच्या तोंडातला घेतला. माझ्यासारख्या निवड समितीवाल्याला सभागृहाच्या फोटोपेक्षा या एका शब्दातून जास्त कळतं.

आणखी एक. कॉर्नर ब्रूक हे मिगमॉ आदिवासींचंही घर. त्यांच्या कालिपू नावाच्या गटाला २०११ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि त्याचं मुख्यालय याच शहरात आहे. म्हणजे परिषद भरली तेव्हा त्या मान्यतेला जेमतेम दोन वर्षं झाली होती. समाज म्हणजे कोण, समाजात कोणाला धरायचं, हा प्रश्न तिथे पुस्तकी नव्हता. शहरातच चालू होता.

लहान गावाचा एक फायदा माझ्या मते कोणी अर्जात लिहीत नाही. मोठ्या शहरात परिषद भरली तर शहराला पत्ताही लागत नाही. वीस हजारांच्या गावात काहीशे परके आले तर चहावाल्यापासून महापौरापर्यंत सगळ्यांना कळतं. लोक विचारतात, काय चाललंय रे? आणि तुम्हाला त्यांना साध्या भाषेत उत्तर द्यावं लागतं. या विषयाच्या परिषदेची याहून चांगली परीक्षा नाही.

यजमान विद्यापीठच हवं?

आता तिसऱ्या अर्जाकडे वळू, सामाजिक संस्थेच्या. हे शक्य आहे का? आहे, आणि झालंय. युरोपात सायन्स शॉप नावाची कल्पना आहे, १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झालेली. शब्दशः विज्ञानाचं दुकान. नागरिकांनी प्रश्न घेऊन यायचं, आमच्या नदीचं पाणी असं का झालं, कारखान्याचा धूर किती वाईट, आणि अभ्यासकांनी, विद्यार्थ्यांनी तो शोधून द्यायचा. या दुकानांच्या जाळ्याची लिव्हिंग नॉलेज नावाची परिषद भरते. २००९ मध्ये ती बेलफास्टला क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या सायन्स शॉपने भरवली. पण २०१२ मध्ये ती जर्मनीत बॉनला झाली आणि यजमान होतं तिथलं विज्ञान-दुकान, जे कुठल्याही विद्यापीठाचा विभाग नाही. नोंदणी केलेली स्वतंत्र संस्था आहे. आणि आत्ता सांगितलेला २०११ चा वॉटर्लूचा एक्स्पो? त्यातही सेंटर फॉर कम्युनिटी बेस्ड रिसर्च ही विद्यापीठाबाहेरची संस्था यजमानांत होती.

यात फरक काय पडतो? एरवी विद्यापीठ यजमान असतं आणि लोक पाहुणे. मग लोकांना आमंत्रणाची वाट बघावी लागते, मिळालेल्या खुर्चीत बसावं लागतं, दहा मिनिटांत बोलणं आटपावं लागतं. संस्था यजमान झाली की पारडं फिरतं. वेळापत्रक ती ठरवते. प्राध्यापक पाहुणे होतात. आणि पाहुण्याने कसं वागायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. पैसा. परिषदेत तोटा झाला तर तो यजमानाच्या अंगावर येतो. हॉलची आगाऊ रक्कम आज भरायची आणि नोंदणीचे पैसे नंतर हळूहळू येणार. विद्यापीठ असा तोटा पचवतं. बारा माणसांची संस्था पचवत नाही, ती बंद पडू शकते. म्हणून तिसऱ्या अर्जाला नुसतं कौतुकाने हो म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. हो म्हणायचं तर सोबत लेखी लिहून द्यायचं की तोटा मूळ परिषद उचलेल, किंवा शेजारचं विद्यापीठ सहयजमान म्हणून उचलेल.

दारात कोण अडतं

यजमान निवडताना आपण नकळत एक देशही निवडत असतो. देश म्हणजे व्हिसा. हे किती गंभीर असू शकतं ते एड्सच्या जागतिक परिषदेने दाखवून दिलंय. १९९२ ची परिषद अमेरिकेत बोस्टनला व्हायची होती. पण तेव्हा अमेरिकेत कायदा होता की एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात येता येणार नाही. म्हणजे एड्सवर परिषद, आणि ज्यांना एचआयव्ही आहे तेच दाराबाहेर! संयोजकांनी परिषद उचलली आणि अ‍ॅमस्टरडॅमला नेली. अमेरिकेची ती बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली, त्यानंतरच, २०१२ मध्ये, ही परिषद पुन्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनला भरली.

मधे २००० साली ती दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झाली. तोवर ही परिषद कधीच विकसनशील देशात भरली नव्हती. उद्घाटनाला नकोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा, एचआयव्हीसह जन्मलेला मुलगा बोलला. औषधं श्रीमंत देशांत होती आणि रुग्ण आफ्रिकेत, हे सगळ्यांना आकड्यांत माहीत होतं. डर्बनला ते समोर उभं राहिलं. पुढच्या वर्षी नकोसी गेला. पण गरीब देशांना औषधं मिळालीच पाहिजेत ही मागणी तिथून फार मोठी झाली. स्थळ बदलल्याने काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि प्रश्न संपलाय असं समजू नका. २०२२ मध्ये हीच परिषद कॅनडात माँट्रियलला झाली, तेव्हा आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या कितीतरी जणांना व्हिसा मिळाला नाही किंवा वेळेत मिळाला नाही. त्यावरून तिथेच निषेध झाला. म्हणून समितीने अर्जदाराला विचारायला हवं: तुमच्या देशाचा व्हिसा किती दिवसांत मिळतो? नकार आलेल्यांसाठी तुमच्याकडे काय सोय आहे? नुसती झूमची लिंक पाठवणं म्हणजे पंगत आत वाढायची आणि एखाद्याला ताट ओसरीवर द्यायचं. ऑनलाइन असलेल्यालाही प्रश्न विचारण्याचा, भांडण्याचा हक्क हवा.

पण गाव दमलं तर?

इथपर्यंत ऐकून वाटेल की मी लहान गावांचा वकील आहे. थोडासा आहे. पण दुसरी बाजू सांगतो.

ज्या गावांचं काम चांगलं, त्या गावांकडे सगळे धावतात. बस येते, वीस जण उतरतात, फोटो काढतात, त्याच ताईंना तेच पाच प्रश्न विचारतात, चहा पितात, जातात. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला क्षेत्रभेट म्हणतात. गावाच्या बाजूने बघाल तर अर्धा दिवस मोडला. बचत गटातली एखादी ताई तीन दिवस परिषदेत बसली तर तिची तीन दिवसांची मजुरी बुडते. तिच्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांचा पगार चालू असतो, वर प्रवासभत्ता. दोघंही म्हणे समान भागीदार! म्हणून अर्जाच्या अंदाजपत्रकात मी पहिली ओळ ही शोधेन: लोकांच्या वेळेचं मानधन किती धरलंय? नोंदणी शुल्क त्यांना माफ आहे का? आणि दुभाषी आहे का, की तिला फक्त स्वागतगीतापुरतं बोलावलंय?

आणि परवानगी कोणाची घ्यायची? गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. गावात अभ्यासगट चालतो, लोक स्वतः एखादा विषय घेऊन तो तज्ज्ञांबरोबर बसून समजून घेतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. आता समजा एखाद्या परिषदेला अशा गावात क्षेत्रभेट ठेवायची आहे. कुलगुरूंचं पत्र पुरेल? नाही ना. ग्रामसभेत जावं लागेल, बसावं लागेल, आणि ‘नको’ हे उत्तर मिळालं तर ते ऐकून परत यावं लागेल.

इथे कॅनडाशी आपला एक धागाही जुळतो. २०१२ मध्ये युनेस्कोने लोकसहभागी संशोधनासाठी एक अध्यासन निर्माण केलं, ते दोघांना मिळून दिलं: व्हिक्टोरिया विद्यापीठातले बड हॉल आणि दिल्लीच्या प्रिया या संस्थेचे राजेश टंडन. एक पाय विद्यापीठात, एक पाय संस्थेत. दोन देश, दोन खंड. यजमानपदही असंच जोडीने का देऊ नये?

तर मग निवड

चला, टेबलावरचे तीन अर्ज पुन्हा उघडू. मी काय करेन ते सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

अर्ज बाजूला ठेवून आधी फोन लावेन. कॉलेजच्या प्राचार्यांना नाही, त्यांच्या शेजाऱ्यांना. बचत गटाला, वस्तीतल्या संघटनेला, त्या पाच दत्तक गावांतल्या दोन सरपंचांना. तीन प्रश्न विचारेन. एक, या संस्थेने तुमच्याबरोबर केलेल्या कामातून तुमच्या हातात काय पडलं? दोन, तुम्ही कधी त्यांना नाही म्हणालात का, आणि तेव्हा काय झालं? तीन, ही परिषद इथे भरली तर तुम्हाला काय हवंय?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या नात्यात नाही म्हणता येत नाही, ते नातं भागीदारीचं नसतं. आणि म्हणूनच दुसऱ्या अर्जातलं ते पत्र, एप्रिल-मे नको म्हणणारं, मला फार मोलाचं वाटतं. बाकी अर्जांबरोबर गोडगोड शिफारसपत्रं येतात. या बायकांनी मात्र अट घातली आणि कॉलेजने ती अट न लपवता अर्जाला जोडली. दहा वर्षांचं नातं त्या एका ओळीत दिसतं.

तर माझं मत दुसऱ्या अर्जाला. पण अटींसह. परिषद डिसेंबरमध्ये. साडेतीनशेऐवजी दोनशे माणसं, कारण शहराला तेवढंच झेपेल. विमानतळापासून बस आयोजकांची. जेवणाचं कंत्राट बाहेरच्या केटररला नाही, शक्य तेवढं बचत गटांना, आणि पैसे वेळेवर. कार्यक्रम समितीत निम्मी माणसं कॉलेजबाहेरची. आणि परिषद संपल्यावर सहा महिन्यांनी त्याच शहरात एक छोटी सभा, लोकांच्या भाषेत, की एवढे लोक आले, एवढं बोलले, त्यातून इथल्या पाण्याबद्दल काय हाती आलं.

पहिल्या विद्यापीठाला नकार कळवताना कारणही लिहीन. त्यांच्याकडे पैसा आहे, जागा आहे, उद्या मन लावलं तर तेही करू शकतील. त्यांनी त्या पाच गावांना विचारून पुन्हा अर्ज करावा. तिसऱ्या संस्थेला मी सहयजमान म्हणून बोलावेन, तोट्याची जबाबदारी अंगावर न टाकता.

यात धोका आहे का? आहे. चार तासांच्या प्रवासाला काही मोठी नावं नाही म्हणतील. वसतिगृहातल्या आंघोळीच्या पाण्यावरून एखादे पाहुणे कुरकुरतील. कदाचित वीज जाईल. पण पाण्यावर अभ्यास करणाऱ्याला दोन दिवस बादली भरून आंघोळ करावी लागली, तर त्याच्या पेपरचं फारसं बिघडणार नाही.

शेवटी तुमच्यासाठी. तुमच्या कॉलेजात पुढच्या वर्षी अशी काही परिषद ठरली आणि तुम्हाला स्वयंसेवक म्हणून घेतलं, तर पहिल्याच बैठकीत हात वर करून एवढंच विचारा: सर, मॅडम, ज्यांच्याबद्दल परिषद आहे त्यांच्यापैकी या बैठकीत कोण आहे? कोणी नसेल तर पुढच्या बैठकीला कोणाला बोलवायचं? प्रश्न आदराने विचारा, पण विचारा. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही.

आणि तुम्ही त्या तीनपैकी कोणता अर्ज निवडला असता, का, ते एक मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा. माझ्या विरोधातली मतं आधी ऐकवणार आहे. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.